गुरुनाथची सालीची होडी

गुरुनाथने आणि मी इलिनॉयमधल्या नेपरव्हिलजवळच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं किचनची कपाटं बनवली. तो मूळचा राजापूरचा. बोलायला कमी, मापाला पक्का. त्याने बसवलेल्या दाराला पुन्हा रंधा लागला नाही.

निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी मंडळातल्या सौमित्रने त्याला गाठलं. सौमित्र आयटीतला, इतिहासाचा नाद. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच लोक इलिनॉय नदीतून प्रवाहाविरुद्ध वर गेले. त्याच वाटेने मंडळाने आठ मैल जायचं, पुढे तसलीच होडी, असा त्याचा बेत.

"काका, होडी तुम्हीच करायची."

गुरुनाथने गॅरेजमध्ये दोन हिवाळे घातले. भूर्जाची साल, शिवायला झाडाची मुळं, सांध्यांना राळ आणि चरबी. खिळा एकही नाही. थंडीने बोटं फुटली, तरी टाका वाकडा पडला तर उसवून पुन्हा घालायचा.

निघायच्या सकाळी काठावर पूजा झाली. हळदकुंकवाला माझी हरकत नव्हती. मग सौमित्रने नारळ उचलला आणि होडीच्या नाकावरच हाणला. वीतभर साल फाटली.

"ओह. सॉरी काका. टेप लावून चालेल ना?"

"शिवतो, राळ लावतो. तास लागेल," गुरुनाथ म्हणाला.

"तास? यार, फोटोग्राफर एक वाजता वरच्या धक्क्यावर येतोय. बाकी सगळे रेंटलच्या होड्यांतून येतायत, आपणही तीच घेऊ."

मी म्हटलं, "ते फ्रेंच वाटेत थांबून होड्या सांधायचे. मीटिंगमध्ये तूच वाचून दाखवलंस."

"काका, हे सगळं सिम्बॉलिक आहे."

दोन हिवाळे सिम्बॉलिक. माझ्या तोंडात शिवी आली होती. गुरुनाथने माझ्या हातात राळेचं भांडं दिलं.

भाड्याच्या प्लॅस्टिकच्या होड्या निघून गेल्या. मागे वळून एकानेही पाहिलं नाही. गुरुनाथ टाके घालत होता.

तास आणि दहा मिनिटांनी आम्ही पाण्यात उतरलो. दोघांचं मिळून वय एकशे पस्तीस. आठ मैल प्रवाहाविरुद्ध. खांदे भरून आले. आत पाण्याचा थेंब आला नाही.

धक्क्यावर सगळे बॅनर धरून खोळंबले होते. सौमित्रने हात हलवला. "काका, इकडे घ्या. फोटोत ओरिजिनल होडी पाहिजे. मी पुढे बसतो."

"तुझी प्लॅस्टिकची आहे ना, तीत बस," गुरुनाथ म्हणाला. वल्हं त्याने थांबवलं नाही.

आम्ही पुढच्या वळणावर उतरलो. गाडी धक्क्यावर होती, म्हणून होडी डोक्यावर घेतली आणि रस्त्याने मैलभर मागे चालत आलो. तोवर बॅनर गेला होता.