गणपतीमागचा पंखा

गेल्या वर्षीच्या आरतीत तुम्हाला बाप्पाचे तोंड का दिसले नाही, असे तुमची आई मला अजून विचारते. ही गोष्ट फोनवर सांगता येत नाही, कारण तुमचे आजोबा शेजारी बसून मध्येच दुरुस्त्या सुचवतात. आज ते शेतावर गेले आहेत, तेवढ्यात लिहून ठेवते.

श्रावणात आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या सीपीयूमधला पंखा बंद पडला. कॉम्प्युटर तांदूळ निवडून होईपर्यंत चाले, मग तापून आपोआप बंद होई. इकडे मी तर तुम्हाला शब्द देऊन बसले होते की यंदा आरती थेट दाखवीन, आणि तुमच्यातल्या धाकटीने तिकडच्या शाळेतल्या बाईंनाही ते सांगून टाकले होते. आजोबांच्या मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर मिळते, आणि गणपती काही गच्चीवर बसवता येत नाही. घरात नेट येते ते फोनच्या वायरीने, फक्त कॉम्प्युटरला. म्हणजे पंखा हवाच होता.

आजोबांचे मत, तो मुरबाडलाच घ्यावा. "दुकानदार समोर दिसतो. बिघडला तर जाऊन चार शब्द सुनावता येतात. ऑनलाइनवाल्याला कुठे गाठणार?"

मी म्हटले, "तिथे माप दिलेलं असतं, फोटो असतो, आणि घेतलेल्या लोकांनी आपलं मत लिहिलेलं असतं."

"ते लोक तुझ्या ओळखीचे आहेत का?"

मी उठून मोजपट्टी शोधायला लागले.

आजोबा एसटीने मुरबाडला गेले. मी माप कागदावर लिहून दिले होते, तो कागद टीव्हीवरच राहिला. तिथे त्यांनी बोटांनी "एवढा" असे दाखवले, आणि प्रवासात बोटे थोडी फाकली असावीत. आणलेला पंखा सीपीयूच्या खोक्यात मावेना. दुकानदाराने त्यावरही तोड सांगून ठेवली होती म्हणे: "आजोबा, नाय बसला तर बाहेरनं बांधा. वारा काय, बाहेरनं पण वाराच."

आम्ही तो पायजम्याच्या नाडीने बांधला. पंखा सुरू झाला तसा सीपीयू थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकू लागला. मी त्याला धरले, तेवढ्यात नाडी सुटली आणि पंखा उडी मारून कॉटखाली गेला. दुकानदाराने मात्र तो कुरकुर न करता परत घेतला आणि वर चहा पाजला. "ऑनलाइनवाला चहा पाजतो का?" असे आजोबा पुढचे दोन दिवस विचारत होते.

मग मी ऑनलाइन मागवायला बसले, तेही त्याच कॉम्प्युटरवरून. आजारी माणसानेच स्वतःचे औषध आणायला निघावे, तसा तो पत्ता भरता भरता कोसळे. शेवटी त्याच्यापुढे टेबल फॅन लावून ऑर्डर पूर्ण केली. पुढे ते पार्सल शहापूरला जाऊन जे बसले ते हलेचना. गणपतीच्या आदल्या दिवशी फोन आला, "मॅडम, तुमच्या गावापरेंत मॅप येत नाय. टोकावड्याला ढाब्यावर ठेवतो." आजोबा आणायला गेले आणि मिसळ खाऊन, पार्सल घेऊन आले.

स्क्रू मीच पिळले. पंखा अगदी मापात बसला. बटण दाबले, आणि पंख्यातून लाल, हिरवे, निळे दिवे गरगरू लागले. माप बघण्याच्या नादात मी पंख्याचे पूर्ण नाव वाचलेच नव्हते.

आजोबा उठून उभे राहिले. आपल्या मखरातले फिरते चक्र उंदरांनी कुरतडले होते, त्याचे दुःख त्यांना होतेच.

"हा बाप्पाच्या मागे लावायचा," ते म्हणाले.

"अहो, तो कॉम्प्युटरचा आहे. पोरांना आरती दाखवायचीय."

"पोरांना बाप्पा दाखवायचाय की कॉम्प्युटर?"

"ऑनलाइनवाल्याचा पंखा चालतो वाटतं आता?"

"देवासाठी सगळं चालतं."

आमचे भांडण ऐकून शेजारची काकू पिठाचे हात घेऊनच आली. दोघांचे ऐकून ती म्हणाली, "वयनी, कशाला भांडताय? अख्खा डबाच ठेवा की बाप्पामागं!"

आम्हा दोन शिकलेल्या माणसांना ते पटले. सीपीयूची पाठ लोकांकडे केली, आणि बाप्पाच्या मुकुटामागे चक्र असे झकास फिरू लागले की धसईहून आलेले भटजीही बघत राहिले. त्या वाऱ्याने निरांजन मात्र टिकेना. मग काकू ताट आडवे धरून उभी राहिली. कॅमेऱ्याची वायर आखूड, म्हणून कॅमेरा बाप्पाच्या खांद्यामागे, मखरालाच अडकवला. स्क्रीनही मागेच राहिला. तुम्हाला आम्ही सगळे दिसत होतो, आणि आम्हाला तुमचा नुसता आवाज येणार होता, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही.

आरती रंगात आली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि अचानक बाप्पाच्या मागून खणखणीत आवाज आला:

"आजोबा! नो! पुट इट बॅक!"

टाळ थांबले. भटजींच्या हातातली घंटा वरच राहिली. आजोबांच्या हातात नैवेद्याचा मोदक होता, तो त्यांनी इतक्या झटकन परत ठेवला की त्याचे नाक मोडले. काकूने ताट खाली टाकून हात जोडले, निरांजन विझले, आणि ती हळूच म्हणाली, "वयनी, बाप्पा इंग्लिश मिडियमला कवा गेला गो?"

त्यानंतर कोणालाच आरती पुरी करता येईना. भटजींनीही उपरणे तोंडावर धरले होते.

सगळे निवल्यावर मी मखरामागे वाकून तुमच्याशी बोलले. मला फार वाईट वाटत होते. इतका खटाटोप करून तुम्हाला बाप्पाची पाठच दिसली. पण धाकटीची तक्रार वेगळीच होती. "आजी, बाप्पाला मागे कलरच नाही. पांढराच आहे!"

मी पाहिले, तर खरेच.

यंदा धसईच्या कारखान्यात मूर्ती सांगताना मी पाठही रंगवायला सांगितली. कारागीर म्हणाला, "बाई, पाठ कोन बघतो?"

मी म्हटले, "माझी नातवंडं."