मास्तरीणबाईंचे पाय

तिचं शिवणाचं दुकान होतं, भाड्याच्या गाळ्यात; तिथं सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. धाकट्या भावानं दिलेल्या मूत्रपिंडावर तिचं बरं चाललं होतं. ते टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मात्र रोज घ्याव्या लागत.

एका दुपारी ती गणवेशाला बाही जोडत होती आणि मशीन थांबलं. पट्टा तुटला असेल म्हणून वाकून पाहिलं. पट्टा शाबूत होता. तिचा पायच पेडलवरून घसरला होता आणि तिला पत्ता नव्हता.

आठवडा उलटायच्या आत कमरेखालचं सगळं बधिर झालं, लघवी अडली. भावानं इस्पितळात नेलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज होती. आधी गाठीचा संशय आला. मग पाठीतलं पाणी तपासल्यावर खरं कळलं.

"हा एक परजीवी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बऱ्याच जणांच्या अंगात गुपचूप पडून असतो. तुमची प्रतिकारशक्ती कमी, म्हणून त्यानं डोकं वर काढलं."

भावाचा चेहरा उतरला. "माझ्या मूत्रपिंडातून तर नसेल ना आला?"

"आता सांगणं कठीण आहे."

तो रडायलाच लागला. मास्तरीणबाई उसळली, "गप्प बस! तुझ्यामुळे इतकी वर्षं जगले, त्याचं काहीच नाही का? रडायचं तर बाहेर जा." मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. "मी चालेन का?"

"आत्ताच सांगता येणार नाही."

"मग नाही असंही म्हणू नका."

औषधं कडू होती, मळमळायचं. व्यायाम घेणाऱ्या ताईंशी तिचं रोज वाजायचं, त्या पुरे म्हणाल्या की ही म्हणे, "अजून एकदा." एका सकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला. तिनं अख्खा वॉर्ड जागा केला.

घरी आल्यावर कळलं, गाळ्याचा मालक तो दुसऱ्या भाडेकरूला दाखवतोय. ती भावाला घेऊन चाकाच्या खुर्चीतून थेट तिथं पोचली.

मालक चाचरला, "बाई, आता तुम्हाला कसं जमणार?"

"भाडं वेळेवर येतंय ना? मग माझ्या पायांची चौकशी कशाला? भाऊ, शटर उचल."

तिनं मशीनला मोटर बसवून घेतली आणि तिचं बटण हाताशी आणलं. पुढं काठी धरून चालू लागली. उजवा पाय अजून फरफटतो, गोळ्या चालूच आहेत. परवा एक गिऱ्हाईक हळहळलं, "बिचारी!"

मास्तरीणबाईनं टेप गळ्यात टाकली. "बिचारी कोण? सरळ उभ्या राहा, माप घेऊ दे."