सुलोचनाबाईंचं ‘हाऊ आर यू’

सुलोचनाबाई गहाणे सोळा वर्षं पहिलीला शिकवत होत्या आणि त्यात त्यांना काही उणं वाटत नव्हतं. तुमसरहून दोन तासांवर, तलावाच्या पाळीखालचं गाव. पोरांची नाकं पुसायची, अ-आ-इ गिरवून घ्यायचं, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं. सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये त्या शाळेला पाचवीचा वर्ग मिळाला, आणि पाचवी म्हणजे इंग्रजी. इंग्रजीचे मास्तर येणार येणार म्हणता जुलै उजाडला. शेवटी हेडमास्तर श्यामराव गुरुजींनी बाईंना बोलावलं.

“बाई, आता तुमीच घ्या इंग्रजी. तुमी मॅट्रिक पास आहा.”

“गुरुजी, मी इंग्रजीत दोनदा नापास झाली होती!”

“तिसऱ्यांदा तं पास झाल्या ना? मी तं सातवीवालाच.”

बाई पुस्तक घेऊन पाचवीत गेल्या.

पहिलाच धडा अभिवादनाचा. सकाळी भेटलं तर गुड मॉर्निंग, दुपारी गुड आफ्टरनून, कुणी हाऊ आर यू विचारलं तर आय अॅम फाइन, थँक यू. बाईंना वाटलं, चार दिवसांचं काम आहे. तीन आठवडे झाले तरी गाडी तिथेच.

शाळा भरायची साडेदहाला. झाडलोट, प्रार्थना, हजेरी होईतो सव्वाअकरा. मग बाई वर्गात शिरल्या की पहिल्या रांगेतला इश्वर उभा राहायचा. “बाई, आता मार्निंग हाये का आपटरनून?” घड्याळ एकच, गुरुजींच्या टेबलावर, तेही वीस मिनिटं मागे. बघायला कुणाला तरी पाठवायचं. तो येईपर्यंत सगळा वर्ग उठून ओरडायचा, “गुड मार्निंग, सर!”

“अरे, मी तुमाले सर दिसते काय?”

“पुस्तकात सरच लिवलं हाये, बाई.”

एकदा तर हद्द झाली. बाई तलावावरून पाणी घेऊन येत होत्या, सूर्य अजून हातभर वर होता. म्हशी हाकणारी तिघं पोरं लांबून ओरडली, “गुड नाइट, बाई!” बाईंनी घागर खाली ठेवली आणि गुड नाइट निरोप घेतानाच म्हणायचं असतं, हे तिथेच समजावायला घेतलं. तेवढ्यात म्हशी पाळीखालच्या भैयाजीच्या धानाच्या शेतात शिरल्या. भैयाजी पोरांना सोडून बाईंवरच तुटून पडला. “तुमचं इंग्रजी शाळेत ठेवा, बाई! माह्या बांधीत कायले आनता?”

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो हाऊ आर यूनं. त्याचा अर्थ ‘कसा आहेस’ असा एकदा सांगितल्यावर पोरं खरोखरच कशी आहेत ते सांगू लागली. इश्वर म्हणाला, “म्हैस व्याली, बाई. वगार झाली.” रुखमिणी म्हणाली, “काल आंगात ताप व्हता.”

“ते नाही सांगायचं! आय अॅम फाइन म्हण.”

“ताप असला तरी बी?”

“तरी बी.”

“पन मंग थे खोटं होते ना, बाई?”

“पुस्तकात लिवलं हाये! पुस्तकापेक्षा तू शहाणी हायेस काय?” बाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं. रुखमिणी खाली बसली.

ऑगस्टात, धानाची रोवणी संपता संपता, एक दिवस बाई ओळीनं विचारत आल्या. रुखमिणी उठली. “आय अॅम फाइन, थँक यू.” एकही अक्षर चुकलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी धड बोललं होतं. “शाब्बास!” म्हणून बाई पुढच्या मुलाकडे वळल्या, तोच मागे धप्प आवाज झाला. रुखमिणी खाली पडली होती. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

बाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि चिखल तुडवत घरी नेलं. तिची आई आनंदाबाई बांधीतून धावत आली. “बाई, सकाळीच तिले म्हनलं, नोको जाऊ. तं म्हने, आज हाऊ आर यू विचारनार हायेत.”

बाईंना आनंदाबाईच्या तोंडाकडे बघवेना. हिवतापाच्या गोळ्यांनी पोरगी आठवड्यात उठून बसली. बाईंचा राग मात्र उतरत नव्हता. पुस्तकावर होता, श्यामराव गुरुजींवर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. ताप आहे हे इंग्रजीत कसं सांगायचं ते त्यांनाच येत नव्हतं.

शनिवारी अर्धी शाळा सुटताच त्यांनी एसटी धरली आणि तुमसरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या ताराचंद मास्तरांचं घर शोधून काढलं. बाईंचं ऐकून मास्तर हसू लागले.

“बाई, हे पाचवीच्या अभ्यासक्रमात नाही.”

“हसू नका. लिहून द्या.”

त्यांनी सहा वाक्यं लिहून दिली. मला ताप आहे, माझं पोट दुखतं, मला भूक लागली आहे, अशी. परतीच्या गाडीत बाई ती पुटपुटत बसल्या. शेजारच्या म्हातारीला वाटलं, बाई जप करतात.

वाक्यं शिकवली आणि नवाच ताप सुरू झाला. सोमवारी अकरा जणांचं स्टमक पेनिंग होतं. सगळ्यांना घरी जायचं होतं. बाई एकेकाचं पोट दाबून बघत होत्या आणि कपाळाला हात लावत होत्या. त्यांच्या मनात आलं, फाइन होतं तेच बरं होतं. पण त्यांनी ते पुन्हा शिकवलं नाही.

जानेवारीत डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी इश्वरलाच उठवलं. “हाऊ आर यू?”

“आय अॅम हंग्री, सर.”

साहेबांनी चष्म्यावरून बाईंकडे बघितलं. “पाठ्यपुस्तकातलं उत्तर शिकवलं नाही?”

“शिकवलं होतं, साहेब. एक पोरगी मरता मरता वाचली.”

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की मुलांना प्राथमिक अभिवादन येत नाही, शिक्षिकेकडून खुलासा मागवावा. श्यामराव गुरुजी रात्रंदिवस मागे लागले. “चूक झाली म्हना ना, बाई. दोन ओळींचा तं कागद हाये.” बाईंनी दोन पानं लिहिली, मराठीत, रुखमिणीच्या तापासकट, आणि खाली सही ठोकली. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये इंग्रजीचे नवे मास्तर खरंच हजर झाले. त्यांनी पहिल्या दिवसापासून फाइन, थँक यू सुरू केलं. बाईंनी त्यांना सहा वाक्यांचा कागद नेऊन दिला. मास्तरांनी तो वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवून दिला. पुढे त्याचं काय झालं, बाईंनी विचारलं नाही. त्या पहिलीच्या वर्गात आल्या. दाराशी एक नवं पोरगं भोकाड पसरून बसलं होतं, आणि त्याला नेमकं काय होतंय हे मराठीतसुद्धा सांगता येत नव्हतं.