बाराच्या खेळाला तिघी

मुलगा बारावीला गेला तेव्हा त्याच्या क्लाससाठी आम्ही बीडला खोली केली. नवरा शेतासाठी वडवणीलाच राहिला. मुलगा नऊला क्लासला जायचा तो सहाला यायचा. अकरा वाजेपर्यंत माझं सगळं काम संपलेलं असायचं. खोल्यांच्या त्याच रांगेत माझ्यासारख्या आणखी दोघी होत्या, लेकरांच्या शिक्षणापायी गाव सोडून आलेल्या. एक उमापूरची, मोठ्या बागायतदाराची बायको, बोलायला फटकळ. दुसरी शिरूर कासारची. तिचा नवरा मेंढरं राखायचा, वर्षातले कितीतरी महिने कळपामागं बाहेर. तिची पोरगी आमच्या दोघींच्या पोरांपेक्षा हुशार. डॉक्टर व्हायचं म्हणायची.

महिनाभर नळावर आम्ही एकमेकींना "झालं का जेवण?" एवढंच विचारायचो. मग एका शुक्रवारी उमापूरची म्हणाली, "दिवसभर भिताडाकडं बघून याड लागंल. चला, पिक्चर बघून येऊ."

शिरूरची थिएटरात कधी गेलीच नव्हती. अंधार झाला तसा तिनं माझा हात धरला, तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही. पिक्चर विनोदी होता. लोक हसत होते आणि ही रडत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "आत रडलं तर कुणी कावून रडती म्हणत न्हाई. लई बरं वाटलं."

तेव्हापासून दर शुक्रवारी बाराचा खेळ. कोणता पिक्चर आहे हेही आम्ही बघत नव्हतो. नवरा तीन वर्षांत आपल्याशी धड बोललेला नाही, हे उमापूरचीनं मध्यंतरात शेंगा खाता खाता सांगितलं. लग्नाआधीच्या माझ्या मैत्रिणी कुठंकुठं पांगल्या होत्या, आणि आता चाळिशीत ह्या दोघी मिळाल्या होत्या. घरी मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बंद पडलं असतं.

परीक्षेला दीड महिना होता. त्या शुक्रवारी शिरूरची दारातच थांबली. "पोरीचं आंग सकाळपासून गरम हाय. क्लासला गेलीय खरी, पण मी आज येत न्हाई."

"अगं, गोळी दिलीस ना? ती तिकडं क्लासात, तू हितं बसून काय करणार? चल," मी म्हणाले.

उमापूरची काहीच बोलली नव्हती. मीच बोलले.

पोरगी क्लासात चक्कर येऊन पडली. क्लासवाल्यांनी आईला फोन केले. तिचा फोन पिशवीत, आवाज बंद. मग त्यांनी बापाला केला. आम्ही परतलो तेव्हा पोरगी खोलीच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. घरमालकीण तिच्या कपाळावर ओला रुमाल धरून होती. ती आमच्याकडं बघत म्हणाली, "कुठं होतात ओ?"

रात्री शिरूरचीनं नवऱ्याला फोनवर खरं ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेम्पो घेऊन आला. ओरडला नाही. बायकोला एवढंच म्हणाला, "पोरगी शिकवाय धाडलं तुला. तू सिनेमे बघत हिंडली."

मी पुढं झाले. "भाऊ, चूक माझी हाय. मीच नेलं तिला."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरगी आत पुस्तकं गोणीत भरत होती. शिरूरची भांडी उचलत होती, आणि ताप अजून उतरला नाही, असं सारखं कुणाला तरी सांगत होती. ऐकणारं कुणी नव्हतं.

नंतर तिचा फोन लागेना. उमापूरचीनं आणि मी पुन्हा थिएटरचं नाव काढलं नाही. निकाल लागला. आमच्या दोघींच्याही पोरांचा नंबर कुठं लागला नाही. खोल्या सोडून आम्ही आपापल्या गावी आलो.

वर्षानं मी शिरूरला गेले, विचारत विचारत तिचं घर काढलं. तिनं चहा केला. पोरीचं लग्न झालं होतं. परीक्षा दिलीच नव्हती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तुमचा काय दोस? यायचं तर मलाबी हुतंच." पूर्वी ती मला अगं म्हणायची.

निघताना ती दारापर्यंत आली आणि हळू म्हणाली, "आता परत येऊ नका, बाई. तुमी दिसल्या की मला समदं पुन्यांदा दिसतं."

संध्याकाळी उमापूरचीचा फोन आला. "गेलतीस का? कशी हाय ती?"

मी सांगितलं, "भेट झाली न्हाई. गावाला गेलीय म्हणं."