गवारीच्या बियाण्याला विरजण

मंडळी, आज सकाळी गवारीचं बी चोळायला सुनेनं गुळाचं पाणी उकळलं आणि त्या कढत पाण्यातच, पिकाला हवेतला नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंची पुडी ओतायला घेतली. मी तिचा हात धरला.

एकाहत्तर साली सोनईला माझ्या वडिलांनी हेच केलं होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मुद्दाम आणलेल्या दोन पुड्यांपैकी एक ते ओतून मोकळेसुद्धा झाले.

आई म्हणाली, "अवो, जिवंत हायती म्हन्ता ना ते? मग कढत दुधात विरजन घालत्यात व्हय?"

पाणी निवल्यावर आईनंच दुसरी पुडी कालवली, बी चोळून सावलीत वाळवलं.

वडील शाळामास्तर. 'यात जिवंत जिवाणू आहेत' असं छापलेला पुडीवरचा कागद त्यांनीच आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला होता. कळला मात्र निरक्षर आईला. तुमच्या घरी कोणाला कळतो?