महाराजांचं तिकीट

मला बोलायला उभं करू नये, हे आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी जूनच्या त्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी सवयीने विचारलं, अजून कोणाला काही म्हणायचंय का, आणि घाईघाईने पुढच्या विषयाकडे वळायला गेले. पण मी तोवर उभी राहिले होते.

विषय होता गणपतीच्या पाहुण्यांचा. देशावरच्या एका छोट्या जुन्या संस्थानाचे वारस, वय सत्तरीला टेकलेलं, गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांवर फार सुंदर बोलतात अशी त्यांची ख्याती. ते यायला तयार होते. गुडघे दुखतात म्हणून विमानाचं तिकीट जरा ऐसपैस खुर्चीचं लागणार होतं आणि ते मंडळाच्या वर्गणीतून काढावं असा ठराव होता.

झालं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, राजे गेले, संस्थानं गेली, तनखे बंद झाले, आणि आता आम्ही इथे न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत बसून राजाला पाय पसरायला जागा विकत घेऊन द्यायची? घराचा टॅक्स भरून आधीच आमची कंबर मोडलीये. ज्याला यायचंय त्याने आपल्या पैशाने यावं, आम्ही वरण-भात प्रेमाने वाढू. दहा मिनिटं बोलले असेन. टाळ्या पडल्या. ठराव आपटला. माझ्या नवऱ्यानेही माझ्या बाजूने हात वर केला. न करून जातो कुठे बिचारा.

तेवढ्यात मागून आमचे रिअल्टर काका उठले. अर्ध्या जर्सीतल्या मराठी लोकांना घरं त्यांनीच विकलीत, आणि दर जानेवारीत त्यांचा फोटो असलेलं कॅलेंडर आमच्या सगळ्यांच्या फ्रिजवर लागतं. ते हसत म्हणाले, कशाला वाद, तिकीट मी काढतो. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी तर जिंकल्याच्या थाटात चहा प्यायले. आमच्या मंडळात पाहुणा हॉटेलात नाही, कमिटीतल्या कोणाच्या तरी घरी उतरतो. अध्यक्षांनी शांतपणे वहीत लिहिलं की महाराज आमच्या बेसमेंटमध्ये राहतील. हा सूड होता, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

सप्टेंबर उजाडला, शाळा सुरू झाल्या, आणि आमच्या घरात निराळंच नाटक सुरू झालं. माझी लेक आठवीत. शाळेच्या डिबेट टीममध्ये तिला मागच्या वर्षी घेतलं नव्हतं. तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला घेतलं. टीमचा सराव जेवणाच्या सुट्टीत असतो, त्यामुळे वर्षभर माझं पोर कॅफेटेरियात एकटं डबा खात होतं. मला हे तिने सांगितलं नव्हतं. डब्यातली पोळी अर्धी परत यायला लागली तेव्हा मी खोदून विचारलं होतं. आठवी हे या शाळेतलं शेवटचं वर्ष. आता नाही तर मग नाहीच.

निवडीसाठी विषय चिठ्ठीने मिळतो. तिला आला: राजघराण्यातल्या लोकांचा प्रवास आणि खर्च करदात्यांनी द्यावा का? आणि बाजू आली, द्यावा.

ती दप्तर टाकून जिन्यातच बसली. "आई, मी उन्हाळाभर तुझंच स्पीच ऐकलंय. माझ्या डोक्यात सगळे पॉइंट्स अगेन्स्टचेच आहेत. इट्स युअर फॉल्ट."

मी हसले आणि मग मला वाईट वाटलं, कारण पोरीचं खरं होतं. मी तिला मदत करायला बसले तर दोन वाक्यांत पुन्हा माझीच बाजू मांडायला लागायचे. तिसऱ्या दिवशी तिने मला खोलीतून हाकललं आणि जाहीर केलं की गुरुवारी खराखुरा राजा आपल्या घरी येतोय, त्यालाच विचारेन. त्याच्याकडे तरी चांगले पॉइंट्स असतीलच ना.

गुरुवारी महाराज आले. मी नवी चादर, नवे टॉवेल, चांदीची वाटी असा सगळा सरंजाम करून ठेवला होता. माझी तत्त्वं मीटिंगपुरतीच असतात. आले ते स्वेटर घातलेले, कानटोपी हातात धरलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले एक साधे गृहस्थ. त्यांना मऊ भात आणि मेतकूट हवं होतं. जेवून स्वतःचं ताट घासायला सिंकपाशी गेले तेव्हा मी ओरडलेच. ते म्हणाले, महाराज म्हणू नका हो, संकोच वाटतो. मग मी काका म्हणायला लागले आणि लेक आजोबा.

पोरीने त्यांना चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. वही उघडून समोर बसली. त्यांनी विषय ऐकला आणि खो खो हसले. म्हणाले, बाळ, मी तुझ्या आईच्या पक्षाचा. मग त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा संस्थानात फिरतीवर निघायचे. जिथे जायचे तिथल्या लोकांनी आठ दिवस आधीपासून भिंती रंगवायच्या, वाट झाडायची आणि अख्ख्या लवाजम्याला जेवू घालायचं. एका गावात एका म्हातारीने आजोबांना ओवाळलं, तिच्या म्हशीच्या दुधाची खीर वाढली आणि निघताना जवळ येऊन हळूच म्हणाली, "आलात, बरं वाटलं. आता चार वर्षं येऊ नका."

आजोबांनी त्या गावी पुढे चार वर्षं खरंच पाऊल टाकलं नाही. नातवाला मात्र ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

आम्ही सगळे हसून लोळलो. लेक एकटी गंभीर. "आजोबा, दॅट इज अ ग्रेट पॉइंट," ती म्हणाली. "फॉर द अदर साइड."

शुक्रवारी सकाळी रिअल्टर काकांचा फोन आला. महाराजांकडून त्यांना आपल्या नव्या ऑफिसची फीत कापून घ्यायची होती. ठीक आहे, एवढं चालायचंच. संध्याकाळी त्यांच्याकडे जेवण, त्यांच्या क्लायंट लोकांबरोबर. बरं. शनिवारी सकाळी पुन्हा फोन: एका घराचं ओपन हाउस आहे, महाराजांना तासभर घेऊन या. मी म्हटलं, अहो, दुपारी व्याख्यान आहे, माणसाला जरा पडू द्या. त्यावर रिअल्टर काका मुळीच चिडले नाहीत. ते गोड हसले आणि मला त्या हसण्याचा अर्थ बरोबर कळला. मी गाडीची किल्ली घेतली.

ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. विकायला काढलेलं रिकामं घर, भाड्याने आणलेला पांढरा सोफा आणि त्यावर फेटा बांधून बसवलेले आमचे महाराज. शेजारी पेढ्यांचा डबा. लोक स्वयंपाकघराचे ओटे बघायचे, कपाटं उघडून बघायचे, आणि मग महाराजांबरोबर फोटो काढायचे. एका बाईंनी मला विचारलं, हे पण घराबरोबर येतात का? मला हसू आवरेना आणि लाजही आवरेना. महाराज सगळ्यांना नमस्कार करत होते. लेक दाराशी उभी राहून बघत होती.

परतताना गाडीत तिने विचारलं, आजोबा, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?

"बाळ, तिकीट त्यांचं आहे," महाराज म्हणाले.

"आणि तिकीट सगळ्यांचं असतं तर?"

त्यांनी गुडघा चोळत थोडा विचार केला. "तर मग मला सगळ्यांचं ऐकावं लागलं असतं. आणि सगळे मिळून एखाद्या माणसाला सोफ्यावर बसवून ठेवत नाहीत."

आरशात मला लेकीचा चेहरा दिसला. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी घराकडचं वळणच चुकले, म्हणजे बघा, मला केवढं लागलं असेल.

दुपारच्या कार्यक्रमाची कथा थोडक्यात सांगते. गणपतीच्या डोक्यावर रिअल्टर काकांच्या कंपनीचं भलंमोठं बॅनर. काकांचं भाषण चाळीस मिनिटं. महाराजांना उरली दहा. त्यांनी पहिलं चित्र दाखवलं, टाक्याच्या पायऱ्यांपर्यंत आले आणि हॉलची वेळ संपली. दोन-दोन तास गाडी चालवून आलेले लोक माझ्याकडे बघत होते. एक मावशी जवळ येऊन म्हणाल्या, तू त्या दिवशी बोलली नसतीस तर बरं झालं असतं गं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर लेक म्हणाली, आई, उद्या सकाळी सगळ्यांना आपल्याकडे बोलाव. आजोबांचं विमान संध्याकाळी आहे ना? मी म्हटलं, साठ माणसं बेसमेंटमध्ये? ती म्हणाली, प्रत्येकाला काहीतरी घेऊन यायला सांग. मी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि देवाचं नाव घेतलं.

रविवारी नऊ वाजल्यापासून दारात चपला-बुटांचा ढीग. कोणी पोहे आणले, कोणी साबुदाण्याची खिचडी, एका विद्यार्थ्याने नुसताच ब्रेडचा पुडा आणि ओशाळवाणं हसू. पिंगपाँगच्या टेबलावर महाराजांनी माझी सगळी भांडी मागून घेतली. पातेलं म्हणजे वरचं टाकं, परात म्हणजे खालचं, मधे स्ट्रॉ जोडून त्यांनी दाखवलं की गडावर पावसाचं पाणी गाळून खाली कसं जायचं. पोरं टेबलाखाली, पोरांचे बाप जिन्यात. माझ्या गालिच्याचं तळं झालं. महाराज दीड तास बोलले, त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा नुसता फुलला होता. रिअल्टर काकाही आले, शिऱ्याचा डबा घेऊन, आणि मागे भिंतीला टेकून बसले. मधेच त्यांनी लहान मुलासारखा हात वर करून प्रश्न विचारला, कोणी पाणी चोरलं तर काय शिक्षा होती? सगळे हसले, तेही हसले. इतकी मजा मला त्या घरात कधीच आली नव्हती.

बुधवारी निवड. शाळेच्या लायब्ररीत पालकांना मागे बसायची परवानगी होती. विरुद्ध बाजूचा मुलगा फार तयारीचा होता. त्याने टॅक्स, शाळा, रस्ते सगळं मांडलं. अगदी माझंच भाषण, फक्त शांत आवाजात. मग लेक उभी राहिली. ती अर्थातच इंग्रजीत बोलली. मी माझ्या भाषेत सांगते.

ती म्हणाली, माझ्या आईने आमच्या मंडळातल्या प्रत्येक घराचे एका पिझ्झाइतके पैसे वाचवले. त्या पिझ्झाच्या बदल्यात आमचा पाहुणा एका माणसाचा झाला आणि त्याने त्याला विकाऊ घरात सोफ्यावर बसवलं. राजा कोणाच्या ना कोणाच्या पैशाने फिरणारच. प्रश्न एवढाच आहे, की तो कोणाचं ऐकणार.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

समोरच्या मुलाने उलट विचारलं, पण ज्या गरीब लोकांना राजा नकोच आहे, त्यांनी का द्यावेत? मला वाटलं, संपलं. लेकीने म्हातारीची गोष्ट सांगितली. ओवाळणी, खीर, सगळं. माझ्या मनात आलं, अगं वेडे, ही तर त्याच्या बाजूची गोष्ट. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"ती आजी राजाला येऊ नका म्हणू शकली," ती म्हणाली, "कारण दूध तिचं होतं."

शिक्षिकेने हातातलं पेन खाली ठेवलं. मी रडले, सरळ सांगते. माझं सगळं भाषण माझ्या पोरीने दोन ओळींत खोडून काढलं होतं आणि मला आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता.

शुक्रवारी यादी लागली. तिचं नाव तिसरं होतं. सोमवारपासून ती मैत्रिणीशेजारी बसून सरावाच्या खोलीत डबा खायला लागली, आणि डबा रिकामा घरी येऊ लागला.

ऑक्टोबरमध्ये मंडळाची मीटिंग झाली. पुढच्या वर्षीच्या पाहुण्याचं तिकीट वर्गणीतून काढावं, असा ठराव मी स्वतः मांडला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. सगळ्यात आधी रिअल्टर काकांचा हात वर गेला. त्यांच्या पाठोपाठ माझ्या नवऱ्याचा, आणि या वेळी तो चक्क हसत होता.

त्याच रविवारी लेकीने महाराजांना फोन लावला, स्पीकरवर. निवड झाल्याचं तिने मागेच कळवलं होतं, पण बोलणं होत नव्हतं. ते म्हणाले, म्हणजे मी आणि तुझी आई, दोघंही हरलो की गं. ती म्हणाली, येस, आजोबा. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि ती शुद्ध मराठीत म्हणाली, "पुढच्या वर्षी या. तिकीट आमचं आहे."

मग त्यांनी विचारलं, आणि चार वर्षं येऊ नका असं कधी म्हणणार?

"ते आम्ही सगळे मिळून ठरवू," ती म्हणाली आणि मला विचारलं, बेसमेंटमध्ये गालिचा आत्ताच नवा घ्यायचा, की पुन्हा पाणी सांडल्यावर?