रविवारी बंद

निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात मी बायकोचे मसाल्याचे डबे खालून वर वर्णानुक्रमे लावले. हळद सगळ्यात वरच्या फळीवर गेली. स्टुलावर चढल्याशिवाय आमच्याकडचं वरण पिवळं होईना. शेवटी ती म्हणाली, "काय वाट्टेल ते करा, पण घराबाहेर करा."

म्हणून मुरुडला, आमच्याच कुंपणाला लागून, मी कोकम सरबत आणि सोलकढीचं दुकान काढलं. जन्मभर कंपनीत माणसं सांभाळली, सरबताची काय कथा! दुकान बसलं तर मी परत स्वयंपाकघरात, हे मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पाटी रंगवून घेतली: 'वेळ दहा ते सहा. रविवारी बंद.' रविवारी सुट्टी असते, यात विचार कसला करायचा? रविवारी समुद्रावर जाणाऱ्या गाड्यांची दारावरून रांग लागायची आणि मी तोंडावर पेपर घेऊन ओसरीवर पडायचो. हॉर्नने झोपमोड झाली की चिडायचो. लोकांना कामधंदे नाहीत, म्हणायचो.

बाकीचे दिवस हमखास येणारं गिऱ्हाईक एकच, शेजारची कोळीण. सकाळी मासळी विकून परतताना एक ग्लास सरबत पिऊन जायची. "सेवा कशी वाटली?" असं मी तिला रोज विचारायचो. "बरी हाय," ती म्हणायची. मी दिवसभर खूश.

एका शनिवारी तिने ग्लास परत सरकवला. "नको भाऊ. पिऊन पिऊन दात आंबले माझे. वहिनीला सांगा, आता दुसऱ्या कुणाला धाडा."

मी तडक घरात गेलो. "गिऱ्हाईक तू पाठवतेस?"

"मग काय करू? तुम्ही दिवसभर तिकडे रमता."

मला खरंच फार लागलं. दुकान बंद करतो, म्हणालो. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"खबरदार!" ती म्हणाली. "उद्या मी उघडते. तुम्ही ग्लास विसळा."

"उद्या रविवार आहे."

"म्हणूनच."

रविवारी दुपारपर्यंत सोलकढीचं पातेलं रिकामं झालं. ती नारळ खवत होती, ओरडत होती, हसत होती. मी कोपरापर्यंत ओला. इतकी गंमत मला कंपनीत कधी आली नव्हती. एका गिऱ्हाईकाने विचारलं, "मालक कोण इथले?"

तिने खवणीवरून मान वर केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे. पण त्यांना काही विचारू नका."